उणे चिन्ह

आमच्या खानावळीला नाव नव्हतं. दारात एक काळी पाटी होती, पण तिच्यावर फक्त त्या दिवशी काय शिजलंय ते खडूने लिहिलेलं असायचं. 'बांगडा, सोलकढी, भात' किंवा 'आज मासळी नाही, काजूगराची उसळ'. पाटी लिहिण्याचं काम माझं. शाळेत जायच्या आधी मी ती ओल्या फडक्याने पुसायची आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायची, "आये, आज काय लिवू?" आतून पाट्यावर वरवंट्याचा घरघर आवाज चालू असायचा. तो क्षणभर थांबायचा, उत्तर यायचं आणि वरवंटा पुन्हा सुरू व्हायचा. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या उतरत्या गल्लीत जांभ्या दगडाचं ते भाड्याचं घर होतं. पुढच्या पडवीत दोन लांब बाकं, मधल्या खोलीत आम्ही दोघी, मागीलदारी विहीर आणि तिच्या कडेला अळू. सकाळची जाग मला नारळ खवण्याच्या आवाजाने यायची. आई विळीवर पाय दुमडून बसायची आणि एका दमात सात-आठ नारळ खवून उठायची. आजही कुठे तो खर्रखर्र आवाज कानावर आला, की मला आधी भूक लागते.

आई मूळची लांज्याच्या आतल्या अंगाच्या गावातली. बाबा मुंबईला एका छापखान्यात कंपॉझिटर होते; छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, चार दिवस राहायचे आणि पुन्हा जायचे. गावातली शाळा सातवीला संपली, तेव्हा आईने घरात कुणाला फारसं विचारलंच नाही. मला घेऊन ती रत्नागिरीला आली. सुरुवातीला दोन शिक्षकांना डबा द्यायची. मग एसटी डेपोतले लोक यायला लागले, मग बँकेतले, आणि मी दहावीला पोचेपर्यंत दुपारी पडवीतली दोन्ही बाकं भरायला लागली. आईला लिहिता यायचं नाही, पण कुणाला आंबट चालत नाही आणि कुणाला भाताची खरवड लागते, ते सगळं तिच्या डोक्यात असायचं.

मी कॉलेजात सायन्सला गेले, त्याला कुणी अडवलं नाही. बाबांना वाटलं, शिकतेय तोवर शिकू दे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही फिजिक्सला मोजके विद्यार्थी होतो, त्यात मुली दोनच. त्याच वर्षी कोल्हापूरकडून बदली होऊन चौगुले सर आले आणि गावात जेवायला कुठे मिळतं म्हणून विचारत विचारत आमच्याच दारात उभे राहिले. मी ताट वाढलं. सरांनी वाटीत बघितलं. त्यातून बांगड्याचं डोकं त्यांच्याकडे बघत होतं.

"मावशी," सर आत बघून म्हणाले, "ह्याला डोळं हायती."

"मग?" आई आतूनच म्हणाली. "तुमच्याकडच्या कोंबड्या काय आंधळ्या असतात?"

पडवी हसली, सरही हसले. त्या दिवशी त्यांनी नुसता सोलकढी-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी आईने त्यांच्यासाठी तांदळाच्या दोन भाकऱ्या थापल्या आणि लसणीचं तिखट वाटलं. पावसाळा सरता सरता सर बांगडा काट्यासकट सोलायला शिकले. पण भाकरी शेवटपर्यंत सुटली नाही, आणि त्यांचं ते कोल्हापुरी बोलणंही. वर्गात ते पुस्तकी मराठी आणि इंग्रजी मिसळून शिकवायचे, पण एखादी गोष्ट मनापासून आवडली की घसरायचे. त्यांनी ज्या दिवशी फळ्यावर विद्युतचुंबकत्वाची चार समीकरणं एकाखाली एक लिहिली, तो दिवस मला लख्ख आठवतो. चार ओळी लिहून झाल्यावर ते बाजूला सरले, हातावरचा खडू झटकला आणि म्हणाले, "बघा. जगातली समदी वीज, समदं चुंबक आणि समदा उजेड ह्या चार ओळीत हाय." मग त्या चार ओळी एकमेकींत घालून त्यांनी लहरींचं समीकरण काढलं. त्यात लहरींचा वेग आपोआप आला आणि तो प्रकाशाचा वेग निघाला. मी वहीत उतरवून घ्यायचं विसरले. बाकावर नुसती बसून राहिले.

त्या दिवशी दुपारी सरांना भात वाढताना मी विचारलं. खरं तर पडवीत इतर लोक असताना मी सरांशी अभ्यासाचं बोलत नसे. पण राहवलं नाही. "सर, दोन विद्युतभारांमधलं बल आणि दोन वस्तुमानांमधलं बल, नियम सारखाच आहे ना? अंतर दुप्पट झालं की बल चौथाई."

"व्हय. पुढं?"

"मग भार धावायला लागला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वस्तुमान धावायला लागलं की त्याच्याभोवती काहीच का होत नाही? आणि विजेच्या लहरी आहेत, तर गुरुत्वाच्या लहरी का नाहीत?"

सरांचा हात घासाशी थांबला. बँकेतले एक काका म्हणाले, "अगो, भात वाढ आधी." पण सर माझ्याकडेच बघत होते.  हे सिलॅबसमध्ये नाही, असं ते म्हणाले नाहीत. इतकंच म्हणाले, "लिहून बघ की."

मी लिहून बघायला लागले. खानावळीची पाटी दोन्ही बाजूंनी काळी होती. पुढच्या बाजूला बांगडा आणि मागच्या बाजूला माझं गुरुत्व. जिथे विद्युतभार आहे तिथे वस्तुमान घालायचं. सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि वस्तुमानं मात्र ओढतात, म्हणून चिन्ह उलटं करायचं, अधिकच्या जागी उणे. मग हलत्या वस्तुमानाभोवती चुंबकासारखं एक दुसरं क्षेत्र आहे असं धरायचं, आणि चारही समीकरणं एकमेकींशी जुळतात का ते बघायचं. दुपारची जेवणं उरकली, की मी पाटी मागीलदारी नेऊन विहिरीच्या कठड्याला टेकवायची. आई भांडी घासताना मधून मधून मान वर करून बघायची. एकदा म्हणाली, "ह्या सगळ्यात एकपण आकडा नाय गो. हिशेब कसला मग?" मी म्हटलं, "आये, हा हिशेब अक्षरांचाच." ती म्हणाली, "बरं," आणि पुन्हा टोप घासायला लागली.

सप्टेंबरात आमच्या कॉलेजात जिल्ह्यातल्या कॉलेजांचा परिसंवाद व्हायचा होता. विद्यार्थ्यांनी विषय मांडायचा आणि मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी प्रश्न विचारायचे. सरांनी माझं नाव घातलं. विषय दिला: 'गुरुत्वाकर्षण विद्युतचुंबकत्वासारखं लिहिता येईल काय?' नाव घातल्यावर मला म्हणाले, "आत्ता माघार न्हाई."

आणि मग आई पडली. मागीलदारी पायरीवर शेवाळ धरलं होतं. पाण्याची कळशी हातात असताना पाय सटकला आणि उजवा हात अंगाखाली आला. मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालून आणलं. घरी आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "उद्या पाटीवर काय लिवशील?" मी म्हटलं, पाटीच नको लावूया. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने चूल पेटवली. त्या दिवसापासून नारळ मी खवले, वाटप मी वाटलं, मासे मी साफ केले. आई शेजारी पिढ्यावर बसून, डावा हात हलवून सांगायची: आता आमसूल घाल, आता झाकण ठेव, आता हात लावू नको. पहिल्या दिवशी माझं माशाचं तिखलं इतकं खारट झालं की एसटीतल्या मयेकरकाकांनी तीनदा पाणी मागितलं, पण ताट पुसून खाल्लं. कॉलेज मी सकाळचं करायची आणि साडेअकराला पळत घरी यायची. बोटांना सतत लसणीचा आणि मासळीचा वास. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाकाला रुमाल लावायची. पहिले दोन दिवस मला वाईट वाटलं, मग त्याला वेळच उरला नाही.

गणपतीला बाबा आले. आईचा हात बघून त्यांचा चेहरा पडला. आरत्या झाल्या, मोदक झाले, विसर्जन झालं. त्यानंतर एका दुपारी त्यांनी आम्हा दोघींना मधल्या खोलीत बसवलं. बाबा कमी बोलायचे. त्या दिवशी मात्र मनात जुळवून आणलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. छापखान्याचा मालक म्हातारा झाला होता, मशीन विकायला काढलं होतं. आता मुंबईत दुसरीकडे काम शोधायचं वय नव्हतं. गावाला घर आहे, आंब्याची थोडी कलमं आहेत. खानावळ बंद करूया आणि तिघंही गावाला जाऊया. माझ्यासाठी गुहागरचं एक स्थळ आलं होतं. नारळी-पोफळीची बाग, चांगली माणसं, मुलगा पदवीधर.

"कॉलेजचं वर्ष पुरं होऊ दे," आई म्हणाली.

"तुझा हात असा," बाबा म्हणाले. "ही पहाटेपासून चुलीशी. ह्याला काय शिक्षण म्हणतात?" मग खाली बघत म्हणाले, "लग्न झाल्यापासून आपण तिघं एका छपराखाली किती दिवस राहिलो, ते सांग मला."

  बाबा रागावले असते तर मी भांडले असते. पण ते थकलेले होते आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी इतकंच म्हटलं, "परिसंवाद झाल्याशिवाय मी कुठे हलणार नाही. त्यानंतर बोलू." माझ्या आवाजाचं मलाच आश्चर्य वाटलं. बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तिचं ते अक्षरांचं पुरं होऊ दे."

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच ते पुरं झालं. भर दुपारी मागीलदारी बसून मी समीकरणं एकमेकींत घालत होते. एक एक पद कटत गेलं, आणि शेवटी पाटीवर उरलं ते लहरींचं समीकरण होतं. हुबेहूब विजेसारखं. हलत्या वस्तुमानांमधल्या त्या दुसऱ्या बलाची मापं कुणी घेतलेली मला माहीत नव्हती, म्हणून लहरींचा वेग मी प्रकाशाइतका धरला होता. तेवढं सोडलं तर सगळं आपोआप आलं होतं. म्हणजे गुरुत्वालाही लहरी होत्या! मी पाटी उचलून तशीच पडवीत धावले. चौगुले सर नुकते हात धुऊन बसले होते. त्यांनी पाटी मांडीवर घेऊन वरपासून खालपर्यंत वाचली, परत वर गेले, पुन्हा वाचली. "आत्ता गं!" ते म्हणाले. "जुळतंय की!" मग पाटी माझ्या हातात परत देत म्हणाले, "माझं शिक्षण हितवर संपतं बघ, शालिनी. ह्यात कुठं खोट आसंल तर ती मला दिसत न्हाई. परिसंवादाला मुंबईच्या परीक्षक बाई येत्यात, त्यांस्नी दिसंल." असं सांगायला मोठं मन लागतं, हे मला पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर समजलं.

परिसंवादाच्या दिवशी सकाळी मी दहा माणसांचं जेवण करून झाकून ठेवलं. आईने बाबांना सांगितलं, "तुम्ही जा तिच्यासोबत. मला प्लास्टर घेऊन मिरवायला नको. तुम्ही ऐका आणि पोर काय बोलली ते मला येऊन सांगा." बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि हॉलच्या शेवटच्या रांगेत दाराशी बसले. पुढे परीक्षकांच्या खुर्चीत डॉ. नाडकर्णी बाई होत्या. लहान चण, पांढरी सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा. आधीच्या मुलांना त्यांनी एखाद-दुसरा प्रश्न विचारून सोडलं होतं. माझी पाळी आली. मी मांडत गेले.  लहरींचं समीकरण फळ्यावर आलं तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. चौगुले सर तर अर्धवट उभेच राहिले होते.

टाळ्या थांबल्यावर बाई म्हणाल्या, "छान. तुझ्या ह्या लहरी ऊर्जा घेऊन जातात का?"

"हो. प्रकाश नेतो तशी."

"किती? काढून दाखव. इथे, आत्ता."

हे मी कधी काढलंच नव्हतं. फळ्याकडे तोंड केलं. विजेचं माहीत होतं: क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा साठते. मी तेच गुरुत्वाचं लिहायला घेतलं आणि चिन्हापाशी अडले.

"मोठ्याने विचार कर," मागून बाई म्हणाल्या.

"दोन सारखे भार जवळ आणायचे तर आपल्याला ढकलावं लागतं," मी फळ्याशी बोलायला लागले. "ते काम क्षेत्रात साठतं, म्हणून ऊर्जा अधिक. पण दोन दगड... दोन दगड आपणहून जवळ येतात. जवळ आले की दोघांचं मिळून क्षेत्र वाढतं आणि ऊर्जा मात्र बाहेर पडते. म्हणजे क्षेत्र वाढलं की ऊर्जा कमी होते." मी क्षेत्राच्या वर्गाच्या आधी एक आडवी रेघ मारली. "उणे."

"मग लहर काय नेईल?"

"उणे ऊर्जा नेईल."

"आणि जी वस्तू हलते आहे, लहरी सोडते आहे, तिचं काय होईल?"

 आपण कुठे पोचतोय ते मला दिसायला लागलं होतं, आणि तिथे जायचं नव्हतं. पण फळ्यावर दुसरी वाटच नव्हती. "तिच्यातून उणे ऊर्जा बाहेर जाईल, म्हणजे तिची स्वतःची ऊर्जा वाढेल. ती जितक्या लहरी सोडेल तितकी जास्त जोराने हलेल. मग आणखी लहरी, मग आणखी जोराने. ती कधी थांबणारच नाही."

"असं कुठे दिसतं?"

"नाही."

"मग?"

"मग हे चूक आहे," मी म्हटलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी हातातला खडू खाली ठेवला नाही. त्या क्षणी मला रडू येत होतं का, हे मी पुष्कळदा आठवून बघितलंय. नव्हतं येत. डोक्यात एकच गोष्ट होती. मी वळून विचारलं, "बाई, पण चूक कुठल्या ओळीत आहे?"

बाईंनी चष्मा काढला. "ओळीत नाही. तुझ्या चारही ओळी एकमेकींशी जुळतात. चूक त्यांच्या आधीची आहे. गुरुत्व विजेसारखंच असणार, असं तू धरून चाललीस, तिथे."

"मग ते कशासारखं आहे?"

"ते बी.एस्सी.त सांगता येत नाही."

"कुठे सांगतात?"

आता हॉलमधले सगळेच हसले आणि बाईही हसल्या. मग मला बसायला न सांगता त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, "विजेची ही चार समीकरणं ज्याने जुळवली, त्यानेही हाच प्रयत्न केला होता. ह्याच उणे चिन्हापाशी तोही थांबला. पुढे वाट दिसत नाही, असं त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आणि विषय सोडून दिला. ही मुलगी कुणी न सांगता तिथपर्यंत चालत आली आहे." आणि मला म्हणाल्या, "एम.एस्सी.ला मुंबईला ये. दुसऱ्या वर्षाला मी शिकवते."

काही वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी सापडल्याची बातमी आली, तेव्हा मी निवृत्त झाले होते. टीव्हीवर तो छोटासा चिवचिवल्यासारखा आवाज ऐकवत होते. मी चौगुले सरांना फोन लावला. ऐकायला कमी येतं त्यांना आता. मी ओरडून सांगितलं, "सर, लहरी सापडल्या!" ते पलीकडून तितक्याच मोठ्याने ओरडले, "चिन्ह काय म्हंत्यात?" मी म्हटलं, "अधिक!" शेजारची मुलं खिडकीतून बघायला लागली होती.

पण त्या दिवशी हॉलबाहेर पडताना हे काही माहीत नव्हतं. बाबा आणि मी चालत निघालो.  मारुती मंदिरापाशी त्यांनी मला लिंबू सरबत पाजलं आणि मी ग्लास खाली ठेवल्यावर, कुणाच्या दुःखात बोलावं तसं हळू बोलले, "जाऊ दे बाय. मनाला लावून घेऊ नको. इथवर शिकलीस हे काय कमी हाय?"

"बाबा, मला मुंबईला जायचंय. एम.एस्सी.ला."

ते चालायचे थांबले. "अगो, पण चुकलंस ना तू? सगळ्यांसमोर?"

"चुकलं म्हणूनच जायचं. बरोबर असतं तर काम इथेच संपलं असतं."

बाबांच्या तोंडावरचा गोंधळ आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यांच्या आयुष्यात चूक म्हणजे मालकाची बोलणी आणि पुन्हा जुळवावं लागणारं पान. चूक सापडली म्हणून आनंदाने पुढे कुणी जातं, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "चुकलं तिचं." "मग रडली?" "नाय. उलट त्या बाईंनाच विचारत उभी राहिली." आई पिढ्यावरून उठली, डाव्या हाताने तिने माझं ताट घेतलं आणि भात वाढला. "मग जाऊ दे तिला," ती बाबांना म्हणाली.

बाबा एवढ्याने मानणारे नव्हते.  स्वयंपाक मी करत होते, वाढत होते, आणि दर दिवशी जेवणं उरकली की एकदा सांगत होते, "मी जाणार." ओरडून नाही, बाजारात काय आणायचंय ते सांगावं तसं. चौथ्या की पाचव्या दुपारी बाबा मागीलदारी आले. पाटी विहिरीशी टेकलेली होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. बारीक खिळे न्याहाळायची सवय असलेले त्यांचे डोळे ओळींवरून फिरले.

"मला दाखव, कुठे चुकलं."

मी पाटीवरच्या पहिल्या ओळीतली उणेची आडवी रेघ दाखवली; हॉलमधल्या फळ्यावरचं उणे तिच्यातूनच आलं होतं.

"एवढीशी?" ते म्हणाले. "डॅश?"

"हो."

"आणि तो काढून टाकला तर?"

"तर दगड एकमेकांना ढकलतील. आपण जमिनीवर राहणार नाही."

 ते हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खळखळून. "आयला! ठेवला तर पंचाईत, काढला तर पंचाईत." हसणं ओसरल्यावर म्हणाले, "मुंबईतली खोली तर मी सोडणार. तू राहशील कुठे?"

"हॉस्टेलवर."

"आणि ही खानावळ?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "खानावळ माझी. ती कुठे जात नाय. तुम्हांला एका छपराखाली राहायचंय ना? मग हे छप्पर काय वाईट हाय? मुंबई सोडा आणि इथे या. नारळ खवायला शिका."

 दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती एका अडखळत्या खर्रखर्र आवाजाने. विळीवर बाबा बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत ओढलेलं, आणि आई डाव्या हाताने दाखवत होती: करवंटी फिरवा, एकाच जागी घासू नका, काळं येतंय त्यात. त्यानंतर मरेपर्यंत बाबांनी त्या खानावळीतले नारळ खवले. पाटीही तेच लिहायचे. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी सुबक, छापल्यासारखं.

गुहागरला नकार कळवायचा होता. पत्राने कळवणं बाबांना बरं वाटेना. माणसं चांगली आहेत, तोंडाने सांगायला हवं, म्हणून ते स्वतः एसटीने गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. जेवायची वेळ होती. त्यांनी हातपाय धुतले, मयेकरकाकांच्या शेजारी बाकावर बसले. मी ताट वाढलं.

"काय सांगितलंत त्यांना?" आईने विचारलं.

"काय सांगणार? सांगितलं, पोरीचं एक चिन्ह चुकलंय. ते कुठे बिघडलं ते शोधायला ती मुंबईला जातेय. दोनेक वर्षं लागतील."

"आणि ते काय म्हणाले?"

"मुलाचा बाप भला माणूस. मान हलवली आणि म्हणाला, सापडलं की आम्हांला पण कळवा."

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नाडकर्णी बाईंनी आम्हांला ते शिकवलं. विजेला प्रत्येक ठिकाणी चार राशी पुरतात, गुरुत्वाला दहा लागतात. त्या दहा घेऊन हिशेब मांडला, की दगड एकमेकांना ओढतातही आणि त्यांच्या लहरींची ऊर्जाही अधिकच येते. तो हिशेब पुरा करायला मला सबंध दिवाळीची सुट्टी लागली. पुरा झाल्यावर मी बाबांकडून गुहागरचा पत्ता मागवून घेतला आणि एक पोस्टकार्ड टाकलं. त्यावर लिहिलं: 'स.न.वि.वि. चिन्ह सापडलं. अधिक आहे. आपण कळवायला सांगितलं होतंत, म्हणून कळवते.'